हशाची जागा

दुसऱ्या अंकात आन्सेल्मो बेन्तान्कूर बोलता बोलता थांबला. थांबायचंच होतं. नाटकातला न्यायाधीश विसरभोळा. लग्न लावायला उभा राहतो आणि नवरदेवाचं नावच विसरतो. आन्सेल्मोने छताकडे पाहिलं, कपाळ खाजवलं, तोंड उघडं टाकलं. पूर्वी एवढ्यावरच हशाने क्लबाच्या हॉलचा पत्रा हादरायचा.

आज चिडीचूप. काखेत चहाच्या पाण्याचा थर्मॉस धरून आलेलं सगळं गाव श्वास रोखून त्याच्याकडे बघत होतं.

"रुबेन," पुढच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं.

आन्सेल्मोने कानाआड केलं. थांबणं आणखी ताणलं. ही हशाची जागा त्याने आरशासमोर घासून घासून बसवली होती.

"रुबेन, डॉन आन्सेल्मो! रुबेन!" आता औषधवाल्या ऑलिव्हेराची बायको. नावाआधी मानाचं 'डॉन', आवाजात माया ओतलेली. मग मागच्या बाकांवरूनही रुबेन, रुबेन सुरू झालं.

मागच्या हिवाळ्यात आन्सेल्मोला अर्धांगवायूचा झटका आला होता. तोंड वाकडं झालं, शब्द हरवले. गावाने त्याचं खूप केलं. आळीपाळीने घरी सूप पोचवलं, दाढीसुद्धा केली. आता तोंड सरळ होतं आणि शब्द सगळे जागेवर होते. डॉक्टरने हवं ते करायला मोकळीक दिली होती. त्याला एकच हवं होतं. गावाने पुन्हा त्याला हसावं, पोट धरून हसावं. त्याशिवाय आपण बरे झालो यावर त्याचा विश्वास बसणार नव्हता.

"रुबेन, अरे रुबेन!" हा तर प्रॉम्प्टर वाल्देमार. नाटकाची प्रत त्याच्याच हातात होती. इथे थांबायचं आहे असं त्यात छापलेलं होतं, आणि तरी त्याचा धीर सुटला.

"जागा आहे ती, गाढवा," आन्सेल्मो दातांतल्या दातांत पुटपुटला. मग वळून त्याने नवरीच्या आईला झोकात विचारलं, "बाई, याला तुम्ही घरात काय म्हणता?"

नवरीची आई झालेल्या सुलेमाचं उत्तर ठरलेलं होतं: घरात? घरात याला घेतंय कोण! पण सुलेमाचे डोळे भरून आले होते. तिने पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "रु-बे-न."

"रुबेन," आन्सेल्मो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उठून उभे राहिले. "शाब्बास रे गड्या!" कुणीतरी ओरडलं. आन्सेल्मोला वाटलं, चाकांच्या खुर्चीत बसवून आपली मिरवणूक काढली आहे या लोकांनी.

राहिलं होतं शेवटच्या अंकातलं पडणं. सही करायला म्हणून न्यायाधीश बसायला जातो आणि खुर्ची नसतेच. आन्सेल्मो रुबाबात बसायला गेला आणि धाडकन आपटला. एक पाय वर, टोपी नाकावर. अगदी जमलं. हॉलभर "अगं बाई!" झालं. ऑलिव्हेरा बाक ओलांडून स्टेजकडे धावला.

आणि तेवढ्यात मागून कुणीतरी हसलं.

साधंसुधं नव्हे. गदागदा, गुडघ्यावर थापा मारत, धाप लागेपर्यंत. टोपीखाली आन्सेल्मोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने वरचा पाय झटकला, त्या एकट्या माणसासाठी. तो माणूस आणखी जोरात हसला. आन्सेल्मोने उठायचं सोंग केलं आणि पुन्हा घसरला.

"शूऽऽ!" सगळा हॉल मागे वळला. दोघंतिघं झटक्याचं सांगायला त्या माणसाच्या कानाशी लागले. हसू नळ बंद करावा तसं बंद झालं. मग ऑलिव्हेराने आणि नवरदेवाने बगलेत हात घालून न्यायाधीशाला उभं केलं आणि नाटक कसंबसं संपवलं.

नंतर कॅन्टीनमध्ये त्याला मिठ्या मारायला रांग लागली. "आम्ही सगळे रडलो, डॉन आन्सेल्मो," ऑलिव्हेराची बायको म्हणाली. विनोदी नाटकाची याहून वाईट पावती आन्सेल्मोला आयुष्यात मिळाली नव्हती. तो मान डोलावत होता आणि डोळ्यांनी दुसऱ्याच कुणाला तरी शोधत होता.

सापडला. दाराशी बॅग उचलून निघालेला, मॉन्टेव्हिडिओहून आलेला, गुरांच्या औषधांचा फिरता विक्रेता. आन्सेल्मोने मिठ्या सोडवल्या आणि त्याला गाठलं.

"तुम्ही हसलात ना? मी पडलो तेव्हा?"

माणूस लालबुंद झाला. कॅन्टीनमधले सगळे त्याच्याकडे रोखून बघत होते.

"नाही हो साहेब. आईशपथ नाही. मला खोकल्याची उबळ आली होती."

"हसलात तुम्ही. मी ऐकलंय." आन्सेल्मोने त्याची बाही धरली. त्याचा आवाज अजिजीचा झाला. "अहो, सांगा ना. कुठे हसू आलं? पायाला की टोपीला?"

त्या माणसाने बाही हळूच सोडवून घेतली आणि टोपी काढून छातीशी धरली.

"मी तसला माणूस नाही, साहेब."