खडक नि मासळी

अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी पूनमला तिच्या साध्या मॅमोग्राफीचा फोटो दाखवला. "स्तनातलं मांस दाट आहे. या फोटोत मांसही पांढरं दिसतं आणि गाठ असली तर तीही पांढरीच. मुंबईला जाऊन थ्रीडी मॅमोग्राफी करा. उशीर नको."

"एक फोटू काढलाय ना? दुसरा काय येगला दाखवनार हाय?" तिचा नवरा धनेश म्हणाला. त्यांच्या मांडव्याहून मुंबई बोटीनं तासाभरावर, पण त्याला सवड नव्हती. दोन महिने गेले.

त्याच दोन महिन्यांत तो तीनदा मुंबईला गेला, दुकानं पालथी घातली आणि मासळी शोधायचं नवं थ्रीडी मशीन आपल्या बोटीवर बसवलं. नारळ फोडून किनाऱ्यावरच्यांना ऐटीत सांगू लागला, "जुन्या मशीनवर खडक नि मासली सारखीच दिसाची. त्याच्या भरवशावर जालं कोन टाकील?"

पेढे वाटणाऱ्या पूनमचा हात थांबला.



"डॉक्टरीनबाय हेच सांगत व्हती. माझ्या छातीत पापलेट असतं, तं तुमी मला कवाच मुंबईला नेलं असतं!"