नाव बदललेलं आहे

"काढ ते," आई म्हणाली. "तुझे बाबा गाडी लावून वर येतायत."

मुलगी तक्त्याचा सुटलेला कोपरा भिंतीवर दाबत होती. अंगठा तिथंच राहिला. "आई, नाव बदललंय."

नाव बदललं होतं खरं. वयात दोन वर्षं वाढवली होती, आणि दातांचा दवाखाना डोळ्यांचा केला होता. बाकी माल सगळा आईचाच. कॉलेजच्या व्हरांड्यात दोन्ही भिंतींवर असे तक्ते होते. स्त्री-अभ्यासाच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एका बाईची मुलाखत घ्यायची आणि ती अशी मांडायची. मुलीच्या तक्त्यावर मधोमध ठळक अक्षरांत लिहिलं होतं: "सुरुवातीची काही वर्षं नवरा कामाला जाताना बाहेरून कुलूप लावायचा. शेजारीण खिडकीशी आली की मी सांगायचे, किल्ली माझ्याच हातून हरवली."

"मुलाखतीत मी हे सांगितलं नव्हतं," आई म्हणाली.

"मुलाखतीत तू काहीच सांगितलं नव्हतंस. सगळं छान छान."

"मग छान छान लिहायचं."

मुलाखतीत आईनं शाळेतलं बक्षीस दिलं होतं, नोकरीचा पहिला दिवस दिला होता, पाहुण्यांसमोर ठेवावं असं सगळं दिलं होतं. कुलपाचं निघालं ते नंतर, चादरींच्या घड्या घालताना. तेही हसत हसत. चादरीचं दुसरं टोक धरून मुलगीही हसली होती, आणि घडी जुळवायला दोघी समोरासमोर आल्या तेव्हा म्हणाली होती, "अजून सांग ना." आईला वाटलं होतं, लेक मोठी झाली, मैत्रीण झाली. मैत्रिणीनं रात्री बसून सगळं उतरवून काढलं होतं. हसणं तेवढं वगळून.

"बाहेरचे परीक्षक आत्ता येतील, आई. हा काढला तर माझ्याकडे दाखवायला काय उरतं?"

"आणि माझ्याकडे?"

मुलीनं कोपरा पुन्हा दाबला. तो पुन्हा सुटला.

बाबा आता ओरडणार नव्हते. ओरडायचे दिवस कधीच सरले होते. आता ते चहा स्वतः करून घेत, आईच्या गुडघ्याला तेल लावून देत. आईला भीती होती ती वेगळीच. ते वाचतील, मान खाली घालतील, आणि पुढं कायम लेकीसमोर खालमानेनं जेवत राहतील. त्या भीतीच्या पोटात आणखीही काहीतरी होतं, कशाची तरी फार वर्षं वाट बघितल्यासारखं. त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही.

"निदान झाक तरी," ती म्हणाली, तोवर ते जिना चढून आलेही.

पाण्याचे मीटर वाचण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. समोर अक्षर आलं की वाचल्याशिवाय पाय पुढं पडत नसे. लेकीच्या या विषयावर, स्त्री-अभ्यासावर, त्यांची थट्टा ठरलेली होती. घरात दोन बायका असताना बायकांचा अभ्यास करायला फी कशाला, हे येईल त्या पाहुण्याला ऐकवायचे. आणि फी मात्र दरवर्षी पहिल्याच दिवशी, रांगेत पहिले उभे राहून भरायचे. आताही दाराजवळच्या तक्त्यापासून एकेक ओळ वाचत ते पुढं सरकू लागले. आई लेकीच्या तक्त्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अगं, बाजूला हो की," ते म्हणाले. "तुला मी घरी बघतोच. इथं पोरीचं बघायला आलोय."

शेजारच्या तक्त्यापाशी उभ्या असलेल्या, हा विषय शिकवणाऱ्या मॅडम हसल्या. आईला सरकावं लागलं.

बाबांनी खिशातून चष्मा काढला. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायला लागले. मधल्या ठळक ओळींपाशी बोट थांबलं. मागं गेलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. आई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. रोज दोनदा दात घासतो असं छातीठोकपणे सांगणारे पेशंट दवाखान्यात बघून बघून तिला खोटा चेहरा लांबूनही कळायचा.

हा चेहरा खोटा नव्हता.

"काय माणूस म्हणायचा हा!" ते म्हणाले. आवाज खरोखरच जड झाला होता. "बाहेरून कुलूप? अहो मॅडम, आत आग लागली, बाई चक्कर येऊन पडली, तर काय करायचं तिनं?"

"हेच तर मुलांना विचार करायला लावतो आम्ही," मॅडम म्हणाल्या.

बाबांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "त्या बाईनं तुझ्याजवळ मन मोकळं केलं, बाळा. चांगलं काम केलंस. मी उगाच चेष्टा करत होतो."

मुलीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिनं ते मिटलं.

"त्याच्या आता लक्षातही नसेल," आई म्हणाली.

"कुणाच्या?"

"त्या नवऱ्याच्या."

"छे!" बाबांना ते मुळीच पटलं नाही. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला. "असलं काही कुणी विसरतं का?"

व्हरांड्याची फरशी नुकतीच पुसलेली होती. त्यांनी आईचा दंड हलकेच धरला, "जपून हं, ओलं आहे," म्हणाले, आणि तिला पुढच्या तक्त्याकडे घेऊन गेले.