आंबूस वास

ऊसतोडीला निघायच्या आधी मनिषा आणि धर्मराजनं गोठ्यामागं मुरघासाचा, म्हणजे हिरवा चारा हवाबंद मुरवून टिकवायचा, हौद बांधला. हिरव्या मक्याची कुट्टी भरली, तुडवून तुडवून हवा काढली, वर प्लास्टिकचा कागद घालून मातीनं लिंपून घेतलं. घरात चारा असला की आजीजवळ राहणाऱ्या लेकीला, सायलीला, त्यापायी शाळा बुडवावी लागणार नव्हती. यंदा तिची दहावी होती.

उसाच्या फडातून मनिषा रोज सासूला फोन करायची. "आत्याबाई, कागद फाटला न्हाई ना? उंदरांनी भोक पाडलं न्हाई ना? हवा लागली की समदं सडतंय बगा."

"न्हाई गं बाई. लई घोर करतीस तू," भिवराबाई म्हणायच्या.

हौद उघडायच्या दिवशी मनिषानं कोयता खाली टाकून फोन लावला.

"सकाळीच उगडला," भिवराबाईंचा आवाज पडला होता. "तुमची मेहनत वाया गेली बग. मका पिवळी पडलीय, आंबूस वास मारायलीय. म्हैस खायला धडपडायली, पण म्या तोंड लावू दिलं न्हाई. वास जावा म्हणून समदा कागद काढून उन्हात मोकळं केलंय."

मुरघास चांगला जमल्याची खूणच तो आंबूस वास. हवेचं, उंदरांचं मनिषानं हजारदा बजावलं होतं. तेवढं एक सांगायचं राहिलं होतं.

"आत्याबाई, सायलीला फोन द्या. ती लगेच झाकून घेईल."

"ती कुठं घरी हाय? म्हशीला उपाशी थोडंच ठिवायचं? शाळंला निगाली व्हती, दप्तर ठिवलं अन् इळा घेऊन गवताला गेली ओढ्याला."