आत्याबाईचं बोट

"हे मी कधी म्हटलं?" आत्याने कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि भाचीचा फोन पुन्हा वाचला.

"तू नाही गं. तुझा बॉट म्हणाला." भाची लोकरीच्या गुंड्या फळीवर लावत होती.

"माझं बोट? माझं बोट कधीपासून बोलायला लागलं?"

"बोट नाही, बॉट! सांगितलं होतं ना तुला."

सांगितलं होतं खरं. भाचीच्या लोकरीच्या दुकानाचा एक ऑनलाइन गट होता. कुठल्या कुठल्या गावांतल्या विणणाऱ्या बायका तिथे अडलेलं विचारायच्या. प्रश्न तेच ते, म्हणून भाचीने आत्याची रोजची वाक्यं गोळा केली आणि आपोआप उत्तरं देणारी एक 'आत्याबाई' तिथे बसवली. टाका सुटला असं कुणी लिहिलं की ती म्हणायची, "सुटू दे. पळून कुठे जातोय?" फोटो न लावता विचारलं की, "आधी फोटो टाक, मग बोल." काहींची हसून मुरकुंडी वळायची, काही वैतागायच्या. एकीने ऑपरेशनचे टाके काढल्याचं कळवलं, तर आत्याबाईने तिलाही विचारलं होतं, "घालताना मोजले होतेस का?"

आज 'पहिलाच टाका' अशा नावाने कुणीतरी लिहिलं होतं, "बाळासाठी स्वेटर विणत होते. एक बाही राहिलीय. बाळ आता येणार नाही. उसवू का?"

आणि लगेच खाली आत्याबाई, "खुशाल उसव. लोकर वाया जात नाही. आणि आधी फोटो टाक, मग बोल."

आत्या काउंटरमागच्या स्टुलावर बसली. "म्हणजे मी म्हटलंच की," ती हळूच म्हणाली. "सगळ्यांना म्हणते. पण हिला नाही ना म्हटलं."

भाचीने फोन घेऊन वाचलं. तिच्या हातातली गुंडी घरंगळत दारापर्यंत गेली.

"बंद कर आधी ते."

"फोनवरून नाही होत. लॅपटॉप दुरुस्तीला दिलाय, संध्याकाळी मिळेल."

"संध्याकाळपर्यंत ती थांबेल होय? मला आत घे. मी लिहिते."

भाचीने तिला 'आत्या' नावाने गटात घेतलं. आत्या एकेक अक्षर शोधू लागली. 'बाळा' असं लिहिलं, थबकली, खोडलं. मग लिहिलं, "अगं, उसवू नकोस. घाई करू नकोस."

खाली लगेच उमटलं, "खुशाल उसव. लोकर वाया जात नाही."

"उसवू नकोस म्हटलं मी!" आत्या फोनवर ओरडली.

"ते फक्त 'उसवू' बघतं, आत्या. पुढचं त्याला कळत नाही."

तेवढ्यात बाकीच्या जमल्या. 'दोन दोन आत्याबाई!' 'नवं मॉडेल दिसतंय, जरा मऊ आहे.' 'जुनीच बरी बाई, निदान फटकळ तरी होती.' 'भांडा गं दोघी, मी चहा टाकून येते.'

वर काय विचारलंय ते कुणी वाचलंच नव्हतं.

आत्याने लिहिलं, "बायांनो, मी खरी आहे."

'पहिलीपण असंच म्हणते!' खाली हशाच हशा.

आत्याने भाचीकडे पाहिलं. भाचीने मान खाली घातली. "कुणी 'तू खरी का' विचारलं, तर हो म्हणायचं, असं मीच शिकवून ठेवलंय. गंमत म्हणून."

"छान केलंस."

मग पुन्हा 'पहिलाच टाका'ने लिहिलं, "मला काही कळत नाहीये. एकदा उसव म्हणता, एकदा नको म्हणता. दोन्हीकडे तुम्हीच. सुई हातात धरलीय. काढू का?"

"फोन लाव तिला."

"नंबर नाही. खरं नावसुद्धा माहीत नाही."

आत्या उठली. दुकानाच्या मागेच घर होतं. आतल्या खोलीत ट्रंक ओढल्याचा आवाज आला, झाकण भिंतीवर आपटलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक कापडी पिशवी होती. भाची याच घरात वाढली होती, पण ही पिशवी तिने कधी पाहिली नव्हती.

आत्याने पिशवीतून काढलं आणि काउंटरवर पसरलं. एवढंसं स्वेटर. पांढरं असावं, आता पिवळट पडलेलं. एक बाही पूर्ण होती. दुसरी अर्ध्यात, अजून सुईवरच. सुईचा गंज टाक्यांना लागला होता.

"आत्या, हे कुणाचं?"

"इथे उजेड कमी आहे. दारात धर."

भाचीने दारात नेऊन फोटो काढला आणि गटात टाकला. एकीने आपला मघाचा विनोद पुसून टाकला.

मग आत्याबाईने लिहिलं, "फोटो आला. आता बोल."

"हो, बोला ना," 'पहिलाच टाका'ने लिहिलं. "मी सुई तशीच ठेवलीय."

आत्याने फोन हातात घेतला. बोट अक्षरांवर नेलं. पहिलं अक्षर कोणतं, तेच त्या बोटाला सापडेना.