आमेन

"काका, बाबांनी आईचा हात पिरगळून मोडला तेव्हा तुम्ही दारातच होतात. चर्चची मंडळी आईलाच खोटी ठरवतेय. तुम्ही पाहिलंत तेवढं लिहून द्या." एस्तेरच्या या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. आपल्या पाहण्यातच चूक असेल, असं स्वतःला समजावत राहिलो.

रविवारच्या उपासनेत तिचे बाबा, चर्चचे पंच रूबेन, साक्ष द्यायला उभे राहिले. डोळे टिपत म्हणाले, "प्रभुकृपेने मी बायकोवर कधी हात उचलला नाही."

"आमेन," मंडळी म्हणाली. सवयीने मीही.

शेजारी बसलेल्या सलोमीबाई कुजबुजल्या, "मास्तर, आमेन म्हणजे 'हे खरं आहे', असं तुम्हीच संडेस्कूलमध्ये शिकवलंत ना?"

मला स्वतःच्या जिभेची किळस आली. उपासना अर्धी टाकून घरी आलो आणि एस्तेरला लिहिलं, "मी पाहिलं. हे मंडळीपुढे माझ्या नावानिशी वाच." पत्र लगेच टपालपेटीत टाकलं.