पाण्याच्या जागी मॅग्नेशियम

"हे पाणी नाही, बाई." विद्यार्थिनीने पडद्यावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "याला सहा शेजारी आहेत, आणि सगळे अगदी खेटून. पाणी इतकं कोणाच्या अंगाला अंग लावून बसत नाही. हे मॅग्नेशियम आहे."

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी चष्मा पुसला, लावला, काढून पुन्हा पुसला.

जिवाणूतल्या या एन्झाइमची रचना बावीस वर्षांपूर्वी, आता निवृत्त झालेल्या सरांच्या प्रयोगशाळेने छापली होती. स्फटिक यथातथाच होता, त्यामुळे क्ष-किरणांनी मिळालेला नकाशा धूसर. त्यातून पाण्याचे इलेक्ट्रॉन दहा आणि मॅग्नेशियमच्या आयनाचेही दहाच, म्हणजे ठिपका दोघांचा सारखाच. छापताना तिथे पाणी लिहिलं गेलं. सरांचं नाव मोठं, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही. हे एन्झाइम बंद पाडणारं औषध शोधणाऱ्यांची कित्येक वर्षं त्या पाण्यात गेली.

"म्हणजे सरांची चूक छापावी लागणार," विद्यार्थिनी म्हणाली. तिला मनापासून वाईट वाटत होतं. पुढच्याच महिन्यात नव्या इमारतीला सरांचं नाव द्यायचं होतं.

"घाई नको," बाई म्हणाल्या. त्या सरांच्याच हाताखाली तयार झालेल्या. "या वयात त्यांच्या नावाला बट्टा लागेल. आपण आपली नवी रचना छापू. जुनी कशाला उकरायची?"

विद्यार्थिनीला बाईंचं कौतुक वाटलं. आपल्या गुरूची एवढी काळजी हल्ली कोण करतं! पण गोष्ट दडवणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

"निदान सरांना विचारू तरी," ती हट्टालाच पेटली.

बाई नाइलाजाने तिला घेऊन सरांच्या घरी निघाल्या.

तिने आणलेला नव्या नकाशाचा कागद सरांनी खिडकीशी नेला, भिंग लावलं आणि सहाही शेजारी बोटाने मोजले.

"मॅग्नेशियमच. शाब्बास, पोरी."

मग कागद ओढून त्यांनी तिथल्या तिथे नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. जुन्या रचनेतली चूक सर्वस्वी माझी आहे, माझ्या सहकाऱ्यांपैकी कोणाचाही तिच्याशी संबंध नाही. खाली ठसठशीत सही केली.

"आणि त्या इमारतीला दुसरं नाव शोधा म्हणावं," ते हसत म्हणाले.

विद्यार्थिनीचे डोळे भरून आले. असा माणूस आपल्याला बघायला मिळाला, याचंच तिला भाग्य वाटलं. बाईंनी पत्राची घडी करून ते पर्समध्ये ठेवलं.

निघताना विद्यार्थिनी दाराबाहेर बूट घालत होती. सरांनी बाईंना जवळ बोलावलं आणि त्यांच्या कानाशी कुजबुजले. पण कानांनी अधू झालेल्या माणसाची कुजबुज ती, थेट जिन्यापर्यंत ऐकू आली.

"तुझं नाव कुठे येऊ दिलेलं नाही. ते पाणी तू चुकून बसवलंस हे मला तेव्हाच दिसलं होतं गं, पण दोन दिवसांवर तुझी तोंडी परीक्षा होती, म्हणून राहू दिलं."