सातवा बार

शेवटची वात पेटवून यल्लप्पा खडकाआड आला आणि बार मोजू लागला. रोज तो अनवाणी, तळव्यांनी मोजायचा. वीस वर्षं सुरुंग उडवून कान निम्मे कामातून गेले होते, पण बार उडाला की जमीन पायाला सांगायची. आज तपासणीला साहेब येणार म्हणून मुकादमाने जाड रबरी बूट घालायला लावले होते.

मग त्याने कानांनी मोजले. सहा बार लागोपाठ उडाले. जरा थांबून सातवा आला, दबका.

"दाजी, झाले का सगळे?" पहार खांद्यावर टाकत मेहुण्याने, तिम्माने विचारलं.

"सात भरले, सात झाले. जा." यल्लप्पाने शिट्टी वाजवली. तिम्मा खाणीत उतरला.

बूट चावत होते. ते काढून यल्लप्पाने तापल्या खडकावर पाय टेकले आणि समोर बघितलं. महिनाभर खपून त्यांनीच कापलेला पलीकडचा कडा भिंतीसारखा सरळ उभा होता. खाली तिम्माने दगडावर पहार मारली. ठण्ण. क्षणभराने कडाही म्हणाला, ठण्ण.

यल्लप्पा ताडकन उभा राहिला. सातवा बार उडालाच नव्हता. तो सहाव्याचा पडसाद होता.

"तिम्मा, वर ये," तो जीव खाऊन ओरडला. कड्याने तेही परत पाठवलं. कुठून हाक आली ते न कळून तिम्मा कड्याकडे वळला.

आवाज पोचायच्या आधीच यल्लप्पाच्या उघड्या तळव्यांनी मोजलं, सात.